शामोनीहून मध्याह्नीच्या सुळक्यावर: एग्वी द्यु मिदीच्या केबल कारची आखणी

फ्रान्सच्या पूर्व टोकाला, जिथे इटली आणि स्वित्झर्लंड या दोन्ही देशांच्या सीमा हाकेच्या अंतरावर येतात, तिथे शामोनी हे आल्प्समधील जुने गिर्यारोहणाचे गाव आहे. हे गाव १,०३५ मीटर उंचीवर, म्हणजे आपल्या महाबळेश्वरपेक्षाही खाली वसलेले आहे; आणि त्याच्या थेट डोक्यावर ३,८४२ मीटर उंचीचा एग्वी द्यु मिदी हा खडकाचा टोकदार सुळका उभा आहे. ‘एग्वी’ म्हणजे सुई आणि ‘मिदी’ म्हणजे मध्याह्न. गावातून पाहिले असता दुपारी सूर्य या सुळक्यावर येतो, म्हणून हे नाव. वानरलिंगी किंवा लिंगाणा पाहिलेल्या माणसाला हा आकार अनोळखी वाटणार नाही, मात्र इथे त्याच्या माथ्यापर्यंत केबल कार जाते आणि गावातून निघाल्यावर साधारण वीस मिनिटांत माणूस वर पोहोचतो. या वीस मिनिटांत चढलेली उंची सुमारे २,८०० मीटर भरते. कळसूबाईचे शिखर समुद्रसपाटीपासून १,६४६ मीटर आहे, हे ध्यानात घेतले की या आकड्याचा अर्थ कळतो.

पुढे जे काही सांगायचे आहे ते सारे या एका गोष्टीतून निघते. इतक्या कमी वेळात इतकी उंची गाठली की हवामान बदलते, तापमान बदलते आणि शरीराला मिळणारा प्राणवायूही कमी होतो. त्यामुळे या सहलीची आखणी तिकिटापासून सुरू न करता हवामान आणि आपली प्रकृती यांपासून सुरू करावी. आपल्याकडून जाणारे बहुतेक प्रवासी नेमके उलट करतात: तीन महिने आधी एक तारीख ठरवतात, तिकीट काढतात आणि त्या दिवशी वर ढगांत उभे राहून पांढऱ्या भिंतीचे छायाचित्र घेऊन परततात.

कोणत्या महिन्यात जावे

जूनच्या मध्यापासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंतचा काळ नवख्या प्रवाशांसाठी सर्वांत सोयीचा असतो. या दिवसांत केबल कार पहाटे लवकर सुरू होते, वाटेतील पायवाटा बर्फाखालून मोकळ्या झालेल्या असतात आणि सुळक्यावरून इटलीच्या हद्दीतील प्वांत हेलब्रोनरपर्यंत हिमनद्यांवरून जाणारी लहान डब्यांची पाच किलोमीटरची दोरवाटही चालू असते. ही दोरवाट केवळ उन्हाळ्यातच चालते. हिवाळ्यात सुळक्यावर जाता येते आणि दृश्य कदाचित अधिकच स्वच्छ मिळते, पण तेव्हा थंडी उणे पंधरा-वीस अंशांपर्यंत जाऊ शकते आणि सकाळच्या डब्यांत पाठीवर स्की बांधलेल्या मंडळींचीच दाटी असते.

मराठी कुटुंबांसाठी दोन सुट्ट्यांचा विचार वेगळा करायला हवा. मे महिन्याच्या सुट्टीत सुळक्यावर भरपूर बर्फ असते आणि गावात गर्दी कमी असते. मात्र खोऱ्यातील इतर काही केबल कार त्या काळात बंद असतात आणि पायवाटांवर बर्फ साचलेले असते. दिवाळीच्या सुट्टीत मात्र अधिक सावध राहावे. एग्वी द्यु मिदीची केबल कार दरवर्षी नोव्हेंबरच्या सुमारास देखभालीसाठी काही आठवडे पूर्ण बंद ठेवली जाते. दिवाळी उशिरा आली की सुट्टी आणि ही बंदी एकमेकांवर पडतात, आणि विमानाची तिकिटे काढून झाल्यावर हे कळले तर हळहळण्यापलीकडे काही उरत नाही. म्हणून कोणतेही आरक्षण करण्याआधी चालक कंपनीच्या संकेतस्थळावर त्या वर्षीच्या बंदच्या तारखा पाहून घ्याव्यात.

किती दिवस ठेवावेत आणि पोहोचावे कसे

शामोनीत किमान दोन, शक्य असल्यास तीन रात्री मुक्काम करावा. जिनिव्हाहून सकाळी निघून संध्याकाळी परतणाऱ्या सहली मिळतात आणि त्या स्वस्तही पडतात, परंतु त्यांत दिवस आपल्या हातात राहत नाही. तीन रात्री राहिल्यास तीन सकाळी मिळतात आणि त्यांतील सर्वांत चांगली सकाळ सुळक्यासाठी निवडता येते. शिवाय हजार मीटरवर एक-दोन रात्री झोप झालेली असली, प्रवासाचा शीण आणि वेळेच्या फरकाने आलेली गुंगी उतरलेली असली, की वर गेल्यावर शरीरही कमी तक्रार करते.

जिनिव्हाच्या विमानतळावरून शामोनीला थेट बस मिळते आणि ती सुमारे सव्वा ते दीड तासात पोहोचवते. रेल्वेने येणाऱ्यांनी सँ-जर्व्हे-ले-फाये या स्थानकावर उतरून तिथून खोऱ्यात चढणारी छोटी गाडी पकडावी. स्वित्झर्लंडमधून मार्तिन्यीमार्गे येणारी रेल्वे अतिशय देखणी आहे, पण स्विस प्रवासपास त्या मार्गावर फक्त सीमेपर्यंतच चालतो आणि शामोनीतील केबल कारसाठी त्याचा उपयोग नाही, हे विसरू नये. स्वित्झर्लंड, फ्रान्स आणि इटली हे तिन्ही देश शेंगेन क्षेत्रात असल्यामुळे एकच व्हिसा पुरतो. अर्ज मात्र ज्या देशात सर्वाधिक दिवस राहणार त्या देशाकडे करावा लागतो. प्वांत हेलब्रोनरपर्यंत जाण्याचा विचार असेल तर पासपोर्ट सोबत ठेवावा, कारण तिथे पाऊल ठेवले की आपण इटलीत असतो. मुक्कामाच्या ठिकाणी पाहुण्यांसाठीचे कार्ड आवर्जून मागून घ्यावे. खोऱ्यातील स्थानिक प्रवासासाठी ते कामी येते.

प्रकृतीचा विचार

३,८०० मीटर उंचीवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या तुलनेत सुमारे ६३ टक्के असतो. म्हणजे प्रत्येक श्वासागणिक मिळणारा प्राणवायू मुंबईत मिळतो त्याच्या दोन-तृतीयांशाहूनही थोडा कमी. गुलमर्गच्या गोंडोलाने अफरवातपर्यंत गेलेल्यांना या उंचीची कल्पना असेल. निरोगी माणसाला एक-दोन तासांत यामुळे सहसा मोठा त्रास होत नाही. चार पायऱ्या चढल्या की धाप लागते, डोके किंचित हलके वाटते, इतकेच. पण हृदयविकार, फुप्फुसांचे विकार किंवा नियंत्रणात नसलेला रक्तदाब असणाऱ्यांनी आणि गर्भवतींनी भारतातून निघण्यापूर्वीच आपल्या डॉक्टरांना उंचीचा नेमका आकडा सांगून सल्ला घ्यावा. ‘डोंगरावर जाणार आहोत’ असे मोघम सांगितल्यास डॉक्टरांच्या डोळ्यांसमोर माथेरान येते. डोळ्याच्या पडद्याच्या शस्त्रक्रियेत ज्यांच्या डोळ्यात वायूचा बुडबुडा सोडलेला असेल, त्यांनी तो पूर्ण विरेपर्यंत अशा उंचीवर मुळीच जाऊ नये.

तीन वर्षांखालील मुलांना या केबल कारमध्ये प्रवेश नाही. त्यामागे कारण आहे: डबा इतक्या वेगाने वर जातो की कानांतील दाब बदलतो, आणि तान्ह्या बाळाला तो गिळून सोडता येत नाही, शिवाय काय होते आहे हे सांगताही येत नाही. थोड्या मोठ्या मुलांच्या हातात चघळायला गोळी द्यावी. मोठ्यांनीही वाटेत अधूनमधून आवंढा गिळावा.

ज्यांना वर जाणे जमणार नाही त्यांना हॉटेलात बसवून ठेवण्याची गरज नाही. खोऱ्याच्या दुसऱ्या बाजूला २,५२५ मीटर उंचीचे ब्रेव्हाँ शिखर आहे; त्याच्या वाटेवरील प्लाँप्राझ हा टप्पा सुमारे २,००० मीटरवर येतो आणि तिथून माँ ब्लाँ (माँट ब्लँक) शिखराची संपूर्ण रांग समोरासमोर दिसते. माझ्या मते डोंगररांग पाहायची तर ती समोरून पाहावी आणि उंची अनुभवायची तर सुळक्यावर जावे. ही दोन्ही सुखे वेगळी आहेत आणि आजी-आजोबांनी पहिले निवडले तर त्यांचे काही कमी होत नाही. फक्त ती केबल कार आपल्या तारखांना चालू आहे ना, एवढे पाहून घ्यावे.

सकाळ निवडणे

हा या लेखातील सर्वांत महत्त्वाचा भाग आहे, कारण इथेच बहुतेकांचा दिवस घडतो किंवा बिघडतो. शामोनीच्या रस्त्यावरून आकाश पाहून वरच्या हवामानाचा अंदाज बांधू नये. शरद ऋतूत आणि हिवाळ्यात खोऱ्यात धुके भरलेले असते आणि त्याच वेळी सुळका लख्ख उन्हात असतो. उन्हाळ्यात याउलट, गावात ऊन असताना माथ्यावर ढगांची टोपी चढलेली असते. म्हणून आदल्या रात्री डोंगरी हवामानाचा अंदाज वाचावा आणि सकाळी उठल्याबरोबर माथ्यावरील कॅमेऱ्याचे थेट चित्र पाहावे. त्या चित्रात शिखरे स्पष्ट दिसत असतील तर न्याहारी आटोपती घेऊन निघावे.

अंदाजात ऊन-पावसाइतकेच वाऱ्याकडे लक्ष द्यावे. या केबल कारचा दुसरा टप्पा २,३१७ मीटरवरील प्लाँ द लेग्वी या स्थानकापासून थेट ३,७७७ मीटरवर जातो आणि या संपूर्ण अंतरात दोरांना आधार देणारा एकही खांब नाही. अडीच किलोमीटरहून अधिक लांबीच्या मोकळ्या दोरावर लटकलेला जड डबा जोरदार वाऱ्यात हेलकावे खाऊ लागतो, म्हणून निरभ्र आकाश असतानाही वाऱ्यामुळे वाहतूक थांबवली जाते. गावात पान हलत नाही आणि तिकीटखिडकीवर मात्र ‘वाऱ्यामुळे बंद’ अशी पाटी झळकते, तेव्हा कर्मचाऱ्यांशी वाद घालण्यात अर्थ नसतो.

उन्हाळ्यात सकाळीच जाण्याला दोन कारणे आहेत. दिवस तापू लागला की खोऱ्यातील उबदार हवा वर चढून तिचे ढग बनतात आणि दुपारनंतर ते शिखरांना वेढतात. दुसरे कारण प्रकाशाचे: माँ ब्लाँ हे शिखर सुळक्याच्या नैर्ऋत्येला आहे, त्यामुळे सकाळचे ऊन आपल्या पाठीमागून त्याच्या अंगावर पडते आणि दुपारी उशिरा तेच ऊन डोळ्यांत येते. जुलै-ऑगस्टमध्ये पहिल्या काही डब्यांतून गिर्यारोहक जातात आणि दहाच्या पुढे सहलींच्या बस येऊन थडकतात. सात ते नऊ या वेळेत चढणारा प्रवासी या दोहोंच्या मधे सापडतो.

तिकीट

जुलै-ऑगस्टमध्ये चढण्याची वेळ आधी आरक्षित करावी. गर्दीच्या दिवशी हे आरक्षण नसेल तर तिकीट हातात असूनही दोन-दोन तास थांबावे लागते. हवामानाच्या भरवशाचा आणि आरक्षणाचा मेळ असा घालावा: मुक्कामाच्या पहिल्या पूर्ण दिवसाची सकाळची वेळ घेऊन ठेवावी, तिकीट रद्द करण्याच्या किंवा तारीख बदलण्याच्या अटी नीट वाचाव्यात, आणि अंदाज वाईट दिसल्यास आदल्या दिवशीच तारीख पुढे ढकलावी. ऐन हंगाम नसेल तर आदल्या संध्याकाळी अंदाज पाहून तिकीट काढले तरी चालते. सुळक्यासोबत मेर द ग्लास हिमनदीपाशी नेणारी मोंतांव्हेरची दातेरी रेल्वे आणि ब्रेव्हाँही पाहायचे असेल तर सुटी तिकिटे न काढता सर्व ठिकाणी चालणारा एक किंवा अधिक दिवसांचा पास घ्यावा. दोन मोठ्या चढायांतच बहुधा त्याची किंमत वसूल होते. तिकीट स्वस्त नाही, हे मात्र आधीच मान्य करून निघावे. युरोचा भाव मनातल्या मनात शंभराच्या जवळ धरून गुणाकार करत बसले तर वर जाऊनही लक्ष लागत नाही.

काय घालावे, काय न्यावे

गावात तीस अंश तापमान असले तरी माथ्यावर जुलैमध्येही पारा शून्याच्या आसपास असतो आणि वाऱ्यामुळे थंडी त्याहून बरीच जास्त जाणवते. एकच जाड कोट नेण्यापेक्षा अंगालगत पातळ कपडा, त्यावर स्वेटर आणि सर्वांत वर वारा अडवणारे जाकीट, अशी रचना ठेवावी. हातमोजे आणि कानटोपी उन्हाळ्यातही लागते. पायांत पकड असलेले बंद बूट असावेत. वरच्या लोखंडी पायऱ्यांवर आणि गच्च्यांवर गोठलेले पाणी असते, आणि साडीवर सँडल घालून आलेल्या भगिनी तिथे कठड्याला धरून हळूहळू सरकताना दिसतात, तेव्हा त्यांच्यासोबत आलेल्या ‘काही होत नाही’ म्हणणाऱ्या मंडळींचा राग येतो.

काळा चष्मा आणि सनस्क्रीन ही चैनीची वस्तू समजू नये. दर हजार मीटरला अतिनील किरणांचे प्रमाण सुमारे दहा टक्क्यांनी वाढते आणि ताजे बर्फ त्यांतील ८० टक्क्यांपर्यंत किरणे परत फेकते, त्यामुळे ऊन खालूनही लागते. हनुवटीखाली आणि नाकपुड्यांपाशीही सनस्क्रीन लावावे. प्रत्येकाजवळ पाण्याची बाटली असावी. वर उपाहारगृह आहे, पण दशम्या किंवा तिखटमिठाच्या पुऱ्या बरोबर असल्या तर रांगेतला वेळ वाचतो. पोट मात्र तुडुंब भरून चढू नये.

चढताना

स्थानक गावातच, चालत जाण्याच्या अंतरावर आहे. ही केबल कार १९५५ मध्ये सुरू झाली आणि तिची मूळ रीत आजही तीच आहे: दोन मोठे डबे एकाच यंत्रणेला जोडलेले असतात आणि एक वर जात असताना दुसरा खाली येतो. रायगडाच्या रोपवेत बसलेल्यांना ही रीत परिचित असेल. याचा व्यावहारिक अर्थ असा की इथली रांग सतत सरकत नाही. ती बराच वेळ थबकते आणि मग एकदम साठेक माणसे आत जातात. डब्यात सगळे उभेच असतात. पहिल्या टप्प्यात डबा खांबावरून जाताना झोका घेतो आणि सगळे एकसुरात ओरडतात. हे नेहमीचे आहे. प्लाँ द लेग्वीला डबा बदलावा लागतो. इथे थंडी जाणवू लागलेली असते, तेव्हा जाकीट आणि टोपी याच ठिकाणी चढवून घ्यावी. वर गेल्यावर बोटे गारठलेली असतात.

माथ्यावर

वरचे स्थानक ३,७७७ मीटरवर, सुळक्याच्या उत्तरेकडील खडकावर आहे. तिथून एका पुलावरून मधल्या खडकात जायचे आणि मग खडकाच्या पोटात खोदलेल्या उद्वाहनाने, म्हणजे साध्या भाषेत लिफ्टने, ३,८४२ मीटरच्या गच्चीवर पोहोचायचे. पोहोचल्याबरोबर धावपळ करू नये. पहिली दहा-पंधरा मिनिटे खालच्या गच्च्यांवर सावकाश काढावीत, श्वास स्थिर होऊ द्यावा आणि मगच लिफ्टच्या रांगेत उभे राहावे. गर्दी वाढण्याची शक्यता असेल तर मात्र हा क्रम उलटा करून आधी लिफ्ट गाठावी. चालायचे तेवढे हळूच.

सर्वांत वरच्या गच्चीला लागून काचेची एक खोली हवेत काढलेली आहे. २०१३ च्या डिसेंबरात सुरू झालेल्या या खोलीत पायांखालीही काच आहे आणि तिच्याखाली सुमारे हजार मीटरची पोकळी. आत जाताना काच खराब होऊ नये म्हणून बुटांवर मऊ चपला चढवायला देतात आणि पिशव्या बाहेर ठेवाव्या लागतात. हिच्यासाठी लांब रांग असेल तर मी ती सोडून देण्याचा सल्ला देईन. आत जेमतेम मिनिटभर मिळते आणि रांगेतला अर्धा तास मोकळ्या गच्चीवर अधिक चांगला जातो.

गच्चीवर पहिला प्रश्न बहुधा असा पडतो की यांतले माँ ब्लाँ कोणते. आपल्याकडे ‘माँट ब्लँक’ म्हणून ओळखले जाणारे, ४,८०० मीटरहून अधिक उंचीचे हे शिखर टोकदार नाही. नैर्ऋत्येला दिसणारा रुंद, गोलसर पांढरा घुमट म्हणजे माँ ब्लाँ. गावातून पाहताना दृष्टिकोनामुळे हा सुळकाच त्याच्यापेक्षा उंच भासतो, आणि वर आल्यावर तो भ्रम फिटतो. पूर्वेकडे ग्रांद जोरास आणि सुईसारखा दाँ द्यु जेआँ दिसतो, आणि हवा स्वच्छ असेल तर दूर क्षितिजावर मॅटरहॉर्नचे टोकही ओळखता येते.

पश्चिमेकडच्या गच्चीवरून माँ ब्लाँच्या अंगावरून खाली शामोनीच्या खोऱ्याकडे उतरणारी बोसाँ हिमनदी पाहावी. २४ जानेवारी १९६६ रोजी मुंबईहून निघालेले एअर इंडियाचे ‘कांचनगंगा’ हे विमान जिनिव्हाला उतरण्याच्या तयारीत असताना माँ ब्लाँवर आदळले आणि त्यातील ११७ जणांचा अंत झाला. डॉ. होमी भाभा त्याच विमानात होते. त्याआधी ३ नोव्हेंबर १९५० रोजी एअर इंडियाचेच ‘मलबार प्रिन्सेस’ हे विमान याच पर्वतावर कोसळून ४८ जण गेले होते. हिमनदी अतिशय सावकाश सरकत त्या दोन्ही अपघातांचे अवशेष खाली आणते आहे. २०१२ मध्ये भारत सरकारच्या टपालाची एक थैली सापडली, आणि पुढे १९६६ च्या जानेवारीतली, इंदिरा गांधी पंतप्रधान झाल्याची बातमी छापलेली वृत्तपत्रेही बर्फातून निघाली. मुंबईहून येणाऱ्या माणसाने या उतारासमोर दोन मिनिटे थांबावे असे मला वाटते.

एक सूचना कटाक्षाने पाळावी. स्थानकातून बर्फात खोदलेला एक बोगदा बाहेर जातो आणि त्याच्या तोंडाशी फाटक आहे. दोर, काटेरी बूट आणि वाटाड्या सोबत असलेल्या गिर्यारोहकांसाठी ती वाट आहे. फाटकापलीकडे दोन्ही बाजूंना खोल दरी असलेली अरुंद बर्फाची धार सुरू होते. छायाचित्रासाठीसुद्धा तिकडे पाऊल टाकू नये.

माथ्यावर दीड ते दोन तास पुरतात. प्वांत हेलब्रोनरची ये-जा करायची असल्यास आणखी दोन तास धरावेत, कारण एका बाजूला अर्ध्या तासाहून अधिक वेळ लागतो. ती दोरवाट ३,४६६ मीटरवर संपते, म्हणजे या साऱ्या वेळात शरीर उंचीवरच राहते. डोके ठणकू लागले, मळमळले, चालताना तोल जाऊ लागला किंवा कोणी नेहमीपेक्षा गप्प-गप्प झाले, तर गरम चहा पिऊन बरे वाटेल या आशेवर थांबू नये. खाली उतरणे हाच यावरचा उपाय आहे आणि तो लगेच लागू पडतो. त्रास होणाऱ्याला एकट्याने पाठवू नये, आणि रांग असेल तर कर्मचाऱ्यांना स्पष्ट सांगावे.

उतरताना

शेवटचा डबा किती वाजता सुटतो हे चढतानाच पाहून ठेवावे आणि त्याच्या निदान तासभर आधी उतरायला लागावे, कारण दुपारी उतरणाऱ्यांचीही रांग लागते. अंगात ताकद असेल तर उन्हाळ्यात प्लाँ द लेग्वीला थांबावे. इथून वीसेक मिनिटांच्या चालीवर ‘लाक ब्ल्यु’ नावाचे छोटे निळे तळे आहे. पायांना सवय असलेल्यांसाठी इथूनच डोंगराच्या कडेकडेने मोंतांव्हेरपर्यंत अडीच-तीन तासांची पायवाट जाते. तिच्या शेवटी मेर द ग्लास ही हिमनदी दिसते आणि गावात परतायला दातेरी रेल्वे मिळते. ही वाट धरायची असेल तर प्लाँ द लेग्वीहून दुपारी एकच्या आत निघावे, रेल्वेच्या शेवटच्या गाडीची वेळ लिहून ठेवावी, आणि जूनच्या मध्यापूर्वी वाटेवर बर्फ उरले आहे का हे गावातील पर्यटन कार्यालयात विचारूनच पाऊल उचलावे.